अंगठी तुझी, बोट माझं

मल्लू, तुला मातीत बसवलं त्या दिवशी तुझी अंगठी मी माझ्या बोटात घातली आणि ती निघेना.

सुरक्षित राहावी म्हणून घातली, असं मी सगळ्यांना सांगितलं. तुला म्हणून खरं सांगतो, निम्मी त्यासाठी आणि निम्मी हौसेनं. झालं असं, की तुला आंघोळ घालायच्या आधी वैनींनी साबण लावून ती तुझ्या बोटातून काढली, पदराला पुसली आणि मला खांबाआड बोलावून माझ्या तळहातावर ठेवली. "भाऊजी, ही तुम्ही ठिवा. नांदेडच्या आपांना द्यायची हाय. ह्येंनी लई दिसांपासून सांगून ठिवलंय." एवढंच बोलून त्या आत गेल्या. जंगम यायचे होते, बेलाची पानं यायची होती. नळ कोरडे, म्हणून तुझ्या आंघोळीसाठी गल्लीतल्या घराघरांतून एकेक घागर येत होती. या उन्हाळ्यात लातुरात कुणी कुणाला घागर देतं हे मी पहिल्यांदाच पाहिलं. तू पाहिलं असतंस तर म्हणाला असतास, मेल्याशिवाय पाणी मिळत न्हाई या गावात.

मी अंगठी शर्टाच्या खिशात टाकली. खिसा फाटका निघाला. अंगठी फरशीवर टणकन पडली आणि घरंगळत तुझ्या उदगीरच्या पाहुण्यांच्या खुर्च्यांखाली गेली. मी गुडघ्यांवर बसून खुर्च्यांखाली शिरलो. पाहुण्यांना वाटलं, दुःखानं कोसळलो. दोघांनी काखेत हात घालून मला उभं केलं, एकानं पाठीवर हात फिरवला, आणि मी मूठ घट्ट आवळून, मान खाली घालून ते सांत्वन करून घेतलं. त्या मुठीत अंगठी होती. आता ही पुन्हा पडायला नको, असं मनाशी म्हणत मी ती बोटात सरकवली. पेरावरून ती कशी सुरळीत गेली, जणू वाटच बघत होती. मग तुला बसवलं, डाव्या हातात इष्टलिंग दिलं, विभूती आली, मीठ आलं, आणि मी मूठभर माती टाकायला हात पुढं केला तेव्हा अंगठीवरचा निळा मीना उन्हात चमकला. माझ्या हातावर. मला बरं वाटलं, मल्लू. तुझ्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून मला बरं वाटलं, आणि लगेच इतकं वाईट वाटलं की माती जास्तच टाकली गेली आणि जंगमस्वामींनी माझ्याकडे बघितलं.

घरी येऊन काढायला गेलो तर निघेना.

पुढचं सगळं तुला सांगायची लाज वाटते, पण लाज बाळगून आपल्यात काही झालेलं नाही. साबण लावला. खोबरेल लावलं. एरंडेल लावलं. रसवंतीवाल्याकडून बर्फ आणून बोट त्यात धरलं, तर बोट बधिर झालं आणि अंगठी तिथंच. आमच्या मंडळींनी साबणाचं ते पाणी परातीत धरून त्यानं ओसरी पुसली आणि म्हणाल्या, रोज एक बोट अडकवत जा, घर तरी स्वच्छ राहील. बोट तांबडं झालं, मग जांभळट झालं. मला बसवेना. घरातून अंगणात, अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून तुझ्या सराफी दुकानाकडं.

तुझ्या पोरानं भिंग लावून बघितलं. "काका, मागून कापतो, बोटाला काय व्हायचं न्हाई," म्हणाला. मी विचारलं, परत जोडशील ना? तो जोडता येईल म्हणाला, पण जोडताना आच लागंल आणि जुना मीना आचेला टिकंल याचा भरवसा देत न्हाई. तडकला की उडून जाईल, राहील नुसतं सोनं. मी हात मागं घेतला. नुसतं सोनंच राहू द्यायचं असतं तर ती बहात्तरलाच मुशीत वितळली असती.

ती आली तो दिवस मला आठवतो, कारण मी तिथं होतो आणि तिथंही चुकलो. मोठा दुष्काळ. तू बापाच्या पेढीवर नुकता बसायला लागला होतास. रोज मोडीचं सोनं येत होतं. बायका बोरमाळ, पाटल्या, बाळाचे वाळेसुद्धा रुमालात बांधून आणत, वजन होई, आणि संध्याकाळी तुझा बाप सगळं मुशीत टाकी. मी पाटबंधारे खात्यात ट्रेसर, दुष्काळी कामांचे नकाशे गिरवून गिरवून डोळे गेलेले, तुझ्या गादीच्या कडेला चहाला टेकलेला. तेवढ्यात नांदेडचे ते बुजुर्ग आले. काळी शेरवानी, उन्हानं विटलेली. निजामाच्या काळात रेल्वेत गार्ड होते म्हणाले. नांदेडात ओळखीचे लोक बघतील म्हणून लातूरला आले होते, हे न सांगता कळत होतं. अंगठी काढून तुझ्या पुढ्यात ठेवली. फिकट सोनं, वर निळा मीना, मीन्यात सोन्याच्या बारीक रेघांचं कर्कटक आणि गुण्या एकमेकांत गुंतवलेले. एका कोपऱ्यात मीन्याचा टवका उडालेला. तू कसोटीवर घासलीस, वजन केलंस. उठताना ते म्हणाले, "सेठ, इसको गलाओ नक्को."

तू मान हलवलीस. मान हलवायला पैसे पडत नाहीत, असं मी तेव्हा तुला म्हणालो. गल्ल्यात ठेवली असती तर बाप वितळवणार, म्हणून तू ती बोटात घातलीस. बापानं विचारलं तर म्हणालास, मला आवडली. तुझं बोट काडीसारखं, तिथं ती नीट बसली.

आणि मग मी बोललो. अंगठी बघून, तज्ज्ञाच्या आवाजात. कर्कटक आणि गुण्या म्हणजे आमच्या खात्याची खूण, हे मी तुला सांगितलं. जुन्या काळी ज्यांनी धरणं बांधली त्या ओव्हरसियरांना सरकार ही अंगठी द्यायचं. मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. माझ्या टेबलावर कर्कटक होतं आणि गुण्या होता, एवढाच पुरावा. पण तू विश्वास ठेवलास, कारण मी दहावीपर्यंत ड्रॉइंगला पहिला होतो. पुढं दहा वर्षं तू गिऱ्हाइकांना सांगत राहिलास की ही धरण बांधणाऱ्याची अंगठी. त्या कोरड्या मुलखात लोक ती अंगठी हात लावून बघत. एक म्हातारी तर तिच्या पाया पडली.

मग लातूर जिल्हा झाला. तुला आठवतं ते गाव त्या दिवसांत कसं होतं? ट्रकमधून उस्मानाबादच्या फायली येत होत्या, भाड्याच्या खोल्यांवर ओल्या रंगाच्या पाट्या लागत होत्या, जो तो कुठल्या तरी कार्यालयाचा पत्ता विचारत हिंडत होता. नव्या जिल्ह्याचा नकाशा गिरवायचं काम माझ्याकडं आलं. मी रात्रंदिवस खपलो आणि पहिल्या प्रतीत रेणापूरच विसरलो. आपलं रेणापूर. नकाशा भिंतीवर लागल्यावर तूच दाखवून दिलंस, आणि वर सगळ्या सराफ्यात सांगत सुटलास की ट्रेसरनं सवताचं सासर लिहिलं आन् आपलंच गाव बुजवलं.

त्याच हिवाळ्यात आमचे नवे कार्यकारी अभियंता तुझ्या दुकानात आले, बायकोला कानातलं घ्यायला. मी नेहमीप्रमाणे गादीच्या कडेला. त्यांची नजर तुझ्या अंगठीवर गेली. तुझा हात हातात घेऊन त्यांनी एका विशिष्ट तऱ्हेनं दाबला, अंगठा बोटाच्या सांध्यावर टेकवून, आणि तुझ्या तोंडाकडं बघत राहिले. तुला वाटलं, साहेब माप घेताहेत. मी मात्र संधी सोडली नाही. उठून उभा राहिलो आणि खुद्द कार्यकारी अभियंत्यांना सांगितलं, की साहेब, हे आपल्याच खात्याचं मानचिन्ह. जुन्या ओव्हरसियरांना मिळायचं. तुम्ही नवीन आहात म्हणून सांगतो.

त्यांनी शांतपणे विचारलं, "किती वर्षं नोकरी झाली तुमची?"

मग त्यांनी तुला खरं सांगितलं. ही एका बिरादरीची अंगठी. देशोदेशी तिच्या सभा भरतात, हैदराबादेत त्यांच्या इमारतीला लोक जादूघर म्हणायचे, आत काय चालतं ते कुणाला दिसत नसे म्हणून. कर्कटक आणि गुण्या गवंड्यांकडून उसने घेतलेले. आत गेल्यावर कुणी धर्म विचारत नाही, जात विचारत नाही, एकमेकांना भाऊ म्हणायचं आणि एका टेबलावर जेवायचं. ते स्वतः त्यातले होते. अंगठी विकत घेऊन घालायची नसते, म्हणाले, पण रागावले नाहीत. तू एवढंच सांगितलंस की एकानं वितळवू नको म्हटलं होतं म्हणून बोटात ठेवलीय. साहेब हसले, कानातलं घेतलं आणि गेले.

तू लगेच अंगठी काढून देव्हाऱ्यात ठेवलीस. मी म्हणालो, अरे, ज्या बिरादरीत जात विचारत नाहीत तिची अंगठी देव्हाऱ्यात काय ठेवतोस, आण इकडं, मी मिरवतो जरा. तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालास, आपण नांदेडला जाऊन येऊ.

गेलो. स्टेशनात विचारत विचारत गार्डसाहेबांचं घर सापडलं. दारात आपा भेटल्या, त्यांची मुलगी, तेव्हा नुकत्या शाळेत शिक्षिका म्हणून लागल्या होत्या. तुला आत नेलं. मीही आत येणार होतो, पण मला तेवढ्यात एक कल्पना सुचली. साहेबांनी ओळखीची खूण म्हणून हात कसा दाबला ते मी नीट बघून ठेवलं होतं. म्हटलं, गार्डसाहेब इथले, म्हणजे त्यांचे बिरादरीवाले इथंच आसपास असणार. मी आत येण्याऐवजी समोरच्या बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या सरदारजींचा हात धरला आणि अंगठा त्यांच्या सांध्यावर टेकवून अर्थपूर्ण बघितलं. त्यांनीही माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी माझा हात असा काही दाबला की मला वाटलं, सापडला. पण ते सोडेचनात. नस चढली असेल तर ते वैद्य नाहीत, आणि पंजा लढवायचा असेल तर लढवू, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांची समजूत काढता काढता, त्यांच्या बैठकीत लस्सी पिता पिता इतका वेळ गेला की मी आलो तेव्हा तू चपला घालत होतास. अंगठी परत तुझ्या बोटात होती.

बसमध्ये तू सांगितलंस की गार्डसाहेब घेईनात. म्हणाले, तू जपलीस, आता तूच ठेव, तुझ्यानंतर माझ्या घरी पाठव. आणि तुला भाई म्हणाले. मी विचारलं, आणखी काय म्हणाले? तू खिडकीबाहेर बघत राहिलास. लोह्याच्या पुढं आल्यावर मी पुन्हा म्हणालो, मग आता तू भाऊ झालास, तर मला पण घे की तुझ्या जादूघरात, दे, जरा घालून बघतो. तू मूठ मिटलीस. आणि मला विचारलंस, सरदारजींनी बोट मोडलं का राहिलं?

तिथून सुरू झालं, मल्लू. किती वेळा मागितली असेल मी. पोळ्याला, दिवाळीला, माझ्या पोरीच्या साखरपुड्याला. सासरकडच्यांना वाटू दे बापही कुणीतरी हाय, असं म्हणून. प्रत्येक वेळी तू मूठ मिटायचास आणि विषय काढायचास दुसराच. दुकानात कुणीही आलेलं पोर ती अंगठी घालून बघायचं, तू हसत बसायचास. मला नाही. मी त्याचीही गंमत केली. चारचौघांत सांगायचो, मल्लप्पाशेटनं मला सगळं दिलं, फक्त अंगठी दिली न्हाई, लगीन राहिलं आमचं. लोक हसायचे. तूही हसायचास, पण जरा उशिरा.

आता तुला सांगतो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. रेणापुरात तुमच्या दारातल्या रांजणाचं पाणी मला ओंजळीत मिळायचं, वरून ओतलेलं. तू माझ्या शेजारी उभा राहून मुद्दाम ओंजळीनंच प्यायचास, आणि तुला घरात मार बसायचा. माझ्या बापानं दीक्षा घेतली तेव्हा तू शाळेत मला विचारलंस, आता तुमचं काय बदललं? मी म्हणालो, घरातले देव गेले, भिंतीला जागा झाली. हेही गमतीनंच. पुढं लातुरात तुझ्या स्वयंपाकघरात वैनींच्या समोर पाटावर बसून मी जेवलोय, किती वेळा त्याची गणतीच नाही. माझा बाप गेला तेव्हा तू रेणापूरला आलास, खांद्याला खांदा लावून चाललास, तुमच्या आळीतले लोक दारांत उभे राहून बघत होते. तुझ्या त्या हातात ती अंगठी होती. हे सगळं खरं. आणि तरी, ती अंगठी मला नाही, हेही खरं. बिरादरीत जात विचारत नाहीत म्हणे. मग तू माझ्यापुढं मूठ का मिटत होतास?

सरळ विचारायचं धाडस झालं नाही. समजा विचारलं असतं आणि तू क्षणभर अडखळला असतास, तर? तो क्षण मला नको होता. त्यापेक्षा गंमत बरी होती. गमतीला तू नाही म्हणालास तरी काही मोडत नव्हतं.

गेल्या महिन्यात दवाखान्यात तू माझा हात धरून पडला होतास. बाहेर रेल्वेनं पाणी आल्याच्या गप्पा चालल्या होत्या. तू म्हणालास, "ट्रेसर, काय इचारायचं असंल तर इचार." मी म्हणालो, तुझ्या बोरला पाणी हाय ते आमच्याकडं पाइपानं कधी देतोस? तू डोळे मिटलेस. मला वाटलं, झोप लागली. मी हळूच उठून बाहेर आलो, आणि पोरानं सांगितलं की बाबांनी सकाळीच सांगून ठेवलंय, काकांच्या घरी पाइप टाका. आजही ते पाणी येतंय. आमच्या गल्लीत आमच्याच घरी पाणी आहे. रोज सकाळी ते पाइपातून आधी हवा सोडत येतं, फुसफुसतं, मग येतं, आणि मी अंगणातून आत जातो.

असो. बोट घेऊन मी नांदेडला गेलो. वैनी म्हणाल्या, "कापायची का न्हाई ते आपांना इचारा, वस्तू त्येंची हाय." एसटीत मी हात उपरण्याखाली झाकून बसलो. शेजारच्यानं विचारलं, लागलंय का? मी हो म्हणालो. ते खोटं नव्हतं.

आपा आता निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. चष्मा जाड झालाय, आवाज तोच. तू दर ईदेला त्यांच्याकडं जायचास हे मला माहीत होतं, पण मी पुन्हा कधी गेलो नव्हतो. सरदारजी भेटतील, असं तुला सांगायचो. तू गेल्याचं त्यांना फोनवर कळलेलं होतं. मला बसवलं, पाणी दिलं, आणि बोट बघून आतून सुईदोऱ्याचा डबा आणला. कापायचं नाव काढलं तर म्हणाल्या, जरूरत नै. मला खुर्चीवर बसवून हात डोक्याच्या वर सरळ धरायला लावला. रक्त उतरल्याशिवाय काही होणार नाही म्हणाल्या. मी सत्तरी ओलांडलेला माणूस, त्यांच्या बैठकीत वर्गात उत्तर येत असल्यासारखा हात वर करून बसलो. जरा खाली आला की त्या चष्म्यावरून बघत. "नीचे नक्को, ट्रेसरसाब. वैसाच रखो."

घरात पंख्याचा आवाज होता. भिंतीवर गार्डसाहेबांचा फोटो, त्यात अंगठी हातात दिसत होती. हात वर, खांदा भरून आलेला, तू नाहीस, आणि ज्या घरात तू मला न सांगता काहीतरी ऐकून आला होतास त्याच घरात मी बसलेलो. विचारलं गेलं माझ्याकडून. "आपा, मल्लूनं ही मला कधीच घालू दिली नाही. का, तुम्हाला ठाऊक आहे?"

आपांनी दोऱ्याचं टोक सुईतून काढलं. माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांची थट्टा करतोय.

"तुमको सच्ची में नै मालूम?"

मी नाही म्हणालो.

मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी त्या चहा घेऊन आत आल्या तेव्हा गार्डसाहेब तुला बिरादरीचा कायदा सांगत होते. या बिरादरीत कुणाला बोलावत नाहीत. या म्हणत नाहीत, सुचवत नाहीत, खूणसुद्धा करत नाहीत. ज्याला यायचंय त्यानं स्वतः होऊन, साध्या शब्दांत, एकदा मागायचं. मागितलं की भावानं नाही म्हणायचं नाही. तू लगेच विचारलंस, माझा एक दोस्त बाहेर आहे, त्याला ही देता येईल का? गार्डसाहेब म्हणाले, का नाही, पण त्यानं मागू दे. सीधा माँगना, मजाक में नै. आपा सांगत होत्या आणि माझा हात अजून वरच होता. खाली घ्यायचं सुचलंच नाही.

"हर ईद को मैं पूछती थी," आपा म्हणाल्या. "मल्लप्पाभाई, माँगे क्या तुम्हारे दोस्त? वो बोलते, नै आपा, इस साल बी मजाकच किया. पिछली ईद को बी वैसाच बोले. उठके जाते वक्त बोले, अगले साल माँगेगा."

मल्लू, तूही कमाल माणूस. कसोटीवर सोनं घासल्यासारखा तो कायदा पाळत बसलास. एखाद्या वेळी तरी डोळा मिचकवायचास. सरदारजींच्या लस्सीपायी मी ते ऐकलं नाही, हे तुला माहीत होतं. दवाखान्यात तू कायदा मोडायच्या अगदी जवळ आला होतास, तेव्हा मी तुझ्याकडं पाणी मागितलं. भांडायला तू असायला हवा होतास. तुझ्या गादीवर येऊन मी असा काही भांडलो असतो की सगळा सराफा गोळा झाला असता. आणि तू म्हणाला असतास, लई शाना हायस, आधी चहा सांग.

आपांनी दोरा बोटाला घट्ट गुंडाळला, अंगठीच्या खालून टोक ओढून घेतलं आणि हळूहळू उलगडत गेल्या. अंगठी एकेक वळसा सरकत वर आली, पेरावर जरा अडली, मी दात आवळले, आणि ती निघाली. मीना जिथल्या तिथं. बोटावर पांढरा, ओलसर वळ.

त्यांनी ती पदराला पुसली, अगदी वैनींसारखी, आणि तळहातावर ठेवली. डबी उघडी होती, पण त्यांनी ती डबीत टाकली नाही. हात माझ्यापुढं तसाच धरून ठेवला.

"अब्बा नै, मल्लप्पाभाई बी नै," त्या म्हणाल्या. "मैं हूँ. माँगते क्या?"

मला माहीत होतं काय म्हणायचं ते. तीन शब्द होते, मला ती द्या. डोळ्यांपुढं तुझी मिटलेली मूठ होती, आणि तेवढ्यात, आयुष्यभराची सवय, माझ्या तोंडून गेलं, "नको आपा, पुन्हा अडकली तर तुम्ही मला बाकावर उभं कराल."

आपांनी हात लगेच मागं घेतला नाही. मी पुढं काही बोलतोय का ते बघत असाव्यात. मग त्यांनी अंगठी डबीत ठेवली, झाकण लावलं आणि उठत उठत म्हणाल्या, "मल्लप्पाभाई फुकट में इत्ते साल रास्ता देखे. तुम तो अपनी मय्यत में बी चुटकुलाच सुनाओगे."